बरोक चर्चांची छापचित्रे कशी वाचावीत

बरोक (सतराव्या शतकाच्या आसपासची अलंकृत युरोपीय शैली) काळातील चर्चवास्तूंच्या छापचित्रांत, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेल्या चित्रांत, नजर प्रथम पुतळ्यांकडे आणि ढगांतल्या देवदूतांकडे धावते. तिला थोडे आवरून आधी तलविन्यास, म्हणजे इमारतीचा जमिनीवरचा आराखडा, पाहावा. वास्तुकार बोरोमिनीने रोमच्या विद्यापीठासाठी रचलेल्या सांत इव्हो या चर्चच्या तलविन्यासावर पट्टी ठेवली, तर एकमेकांवर ठेवलेले दोन समभुज त्रिकोण हाती लागतात. त्रिकोण हे पवित्र त्रैक्याचे (पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या एकत्वाचे) चिन्ह आहे, तर त्यांच्यातून उमटणारा षट्कोनी तारा बायबलमधील राजा शलमोनाच्या ज्ञानाशी जोडला जातो, आणि विद्यापीठाच्या चर्चला तो किती शोभतो हे सांगायला नको.

त्यानंतर श्रद्धेची चिन्हे आणि आश्रयदात्यांची कुलचिन्हे वेगळी करावीत. नवखे वाचक इथेच फसतात. मधमाश्या दिसल्या की बार्बेरिनी घराणे, म्हणजे पोप आठवा अर्बन, आठवावे. टेकड्यांवरचा तारा हे किजी घराण्याचे, म्हणजे पोप सातव्या अलेक्झांडरचे चिन्ह असते, त्यामुळे प्रत्येक ताऱ्यात येशूची माता मरिया हिचा संकेत शोधू नये. व्हॅटिकनच्या सेंट पीटर चर्चमध्ये शिल्पकार-वास्तुकार बर्निनीने वेदीवर उभारलेल्या छत्राच्या चित्रात मात्र दोन्ही अर्थ एकत्र नांदतात: पिळदार स्तंभ शलमोनाच्या मंदिराच्या परंपरेची आठवण देतात, छताखालचे कबुतर पवित्र आत्म्याचे आहे आणि मधमाश्या पोपच्या.

चित्रातली वास्तू प्रत्यक्षातल्या वास्तूशी अवश्य ताडून पाहावी. छापचित्रकार फाल्दाच्या 1667 च्या छापचित्रात सेंट पीटर चौकाला स्तंभावलीचा तिसरा भागही दाखवलेला आहे, जो कधीच बांधला गेला नाही. ही स्तंभावली म्हणजे श्रद्धावंतांना कवेत घेणारे माता-चर्चचे बाहू, अशी बर्निनीची कल्पना होती. तो तिसरा भाग पाहिला की ते आलिंगन किती बंदिस्त होणार होते हे लक्षात येते, आणि मला तर हे चित्र म्हणूनच अमोल वाटते. चौकाच्या मध्यभागी 1586 मध्ये उभारलेला इजिप्शियन स्तंभ व त्याच्या माथ्यावरचा क्रूसही पाहावा: तेथे मूर्तिपूजकांचा दगड क्रूसाचा आधार झालेला आहे.

प्रकाशासाठी रेषांऐवजी कोरा कागद पाहावा, कारण छापचित्रात दिव्य तेज म्हणजे शाई न लागलेली जागा होय.

शेवटी, नकलांपासून सावध राहावे. छापून आलेल्या चित्रावरून दुसऱ्या पत्र्यावर सरळ कोरले, की छाप उलटी उमटते आणि उजव्या हाताला ठेवलेला संत डावीकडे जातो. ख्रिस्ती परंपरेत उजव्या बाजूला मानाचे स्थान असल्याने, अशा चित्रावरून काढलेला अर्थही उलटा निघतो.