प्रारूप प्रादेशिक योजनेवर नगरपरिषदेने हरकती व सूचना कशा मांडाव्यात

जिल्ह्याची प्रारूप प्रादेशिक योजना, म्हणजे जिल्ह्यातील कोणती जमीन कशासाठी वापरावी याचा मसुदा, प्रसिद्ध झाली की नगरपरिषदेच्या कार्यालयात पहिला प्रश्न ठरलेला असतो: योजना तर हद्दीबाहेरच्या गावांची, मग त्यात आपले काय? सोलापूर जिल्ह्यात बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, सांगोला, मंगळवेढा, करमाळा, कुर्डुवाडी अशी नगरपरिषदांची शहरे आहेत आणि त्यांतील प्रत्येकाचे पाणी, रस्ते, कचरा किंवा वाढती वस्ती यांपैकी काही ना काही हद्दीपलीकडच्या जमिनीवर अवलंबून आहे. शिवाय महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २७ नुसार नगरपरिषदेला आपली विकास योजना तयार करताना प्रादेशिक योजनेतील प्रस्ताव, मग ते प्रारूप असोत वा अंतिम, विचारात घ्यावे लागतात. आज प्रादेशिक नकाशावरची जी रेघ हरकतीविना राहते, ती उद्या शहराच्या विकास योजनेत गृहीत धरली जाते.

मुदतीचा हिशेब आधी करावा. कलम १६ नुसार हरकती व सूचनांसाठी नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून किमान चार महिने द्यावे लागतात. चार महिने ऐकायला पुष्कळ वाटतात. प्रत्यक्षात नकाशांच्या प्रती मिळेपर्यंत एक महिना जातो आणि सभेची विषयपत्रिका, ठराव, इतिवृत्त यांत दुसरा. म्हणून नोटिशीत छापलेल्या अखेरच्या तारखेपासून उलटे मोजत यावे, सर्वसाधारण सभेची तारीख अखेरच्या तारखेच्या किमान तीन आठवडे आधी धरावी आणि तांत्रिक टिप्पणी त्याच्याही पंधरा दिवस आधी मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर येईल असे पाहावे.

योजनेचा अहवाल, विद्यमान जमीन वापर नकाशा, प्रस्तावित जमीन वापर नकाशा आणि लोकसंख्येच्या अंदाजाचे प्रकरण, एवढे कागद एकत्र मागवावेत. केवळ प्रस्तावित नकाशा पाहून हरकत लिहिणे ही नेहमीची चूक आहे, कारण बहुतेक चुकीच्या प्रस्तावांचे मूळ विद्यमान वापराच्या चुकीच्या नोंदीत असते: बागायत जमीन पडीक दाखवलेली असते, किंवा दहा वर्षांपूर्वी उभी राहिलेली वस्ती नकाशावर आलेलीच नसते. प्रादेशिक नकाशाचे प्रमाणही ध्यानात ठेवावे. १:५०,००० या प्रमाणात कागदावरची एक मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर ५० मीटर होते, म्हणजे रस्त्याची रेघ किंचित सरकली तरी अख्खी वस्ती तिच्याखाली येऊ शकते. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयाकडून लगतच्या गावांचे गाव नकाशे घेऊन प्रस्ताव त्यांवर उतरवावेत आणि नगर अभियंता व तलाठी यांनी मिळून जागेवर जाऊन गट क्रमांकांची खात्री करावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण सुनावणीत टिकते तेच.

आता मांडायचे काय, याकडे वळू. प्रादेशिक योजना ही निधी मागण्याची जागा नव्हे. एका नगरपरिषदेचे निवेदन मी पाहिले होते, त्यात गटार दुरुस्तीपासून नाट्यगृहापर्यंत सगळे होते. वळण रस्त्याबद्दलची खरी महत्त्वाची सूचना त्या गर्दीत अठ्ठाविसाव्या क्रमांकावर होती आणि ती कोणी वाचली असेल असे मला वाटत नाही. कलम १४ मध्ये प्रादेशिक योजनेचे विषय दिलेले आहेत: निवासी, औद्योगिक, शेती व वन वापरासाठी जमिनीची विभागणी, वाहतूक, पाणीपुरवठा व जलनिःसारण, पूरनियंत्रण, निसर्ग व वारसा यांचे जतन इत्यादी. आपली प्रत्येक सूचना यांपैकी कोणत्या विषयात बसते ते लिहिता आले नाही, तर ती सूचना वगळावी.

आपल्या जिल्ह्यात पाण्याचा विषय पहिला यावा. उजनी धरणाची एकूण साठवण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) असली तरी त्यातील सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे दरवाज्यांच्या पातळीखालचे, एरवी न सोडता येणारे पाणी आहे, आणि उरलेल्या पाण्यावर शेती, उद्योग व शहरे या सर्वांचा हक्क आहे. म्हणून नवा औद्योगिक किंवा निवासी विभाग जिथे दाखवला असेल, तिथे त्याचे पाणी कोठून येणार हा प्रश्न नगरपरिषदेने लेखी विचारावा आणि आपल्या पाणी योजनेचा उद्भव (पाणी उचलण्याची जागा), जलवाहिनीची रेषा व जलशुद्धीकरण केंद्राच्या विस्ताराची जागा नकाशावर दाखवण्याची मागणी करावी.

पाण्याची दुसरी बाजू पुराची. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुराने करमाळा, माढा, मोहोळ या तालुक्यांतील गावे पाण्याखाली गेली. जलसंपदा विभागाची निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. या रेषा प्रस्तावित नकाशावर आहेत का, आणि निळ्या रेषेच्या आत निवासी विभाग दाखवलेला नाही ना, हे तपासावे. प्रत्यक्ष पाणी कुठवर आले त्याचे पंचनामे व छायाचित्रे स्थानिक यंत्रणेकडे असतात. ती गट क्रमांकासह जोडावीत.

लोकसंख्येच्या बाबतीत प्रत्येक शहराने आपले वेगळेपण आकड्यांनी दाखवावे. २०११ च्या जनगणनेत पंढरपूरची लोकसंख्या ९८,९२३ होती, पण आषाढीला तेथे लाखो वारकरी येतात आणि दिंड्यांसाठी राखलेले पैलतीरावरचे ६५ एकरही अपुरे पडते. रहिवाशांच्या संख्येवर बेतलेली योजना अशा शहराचे वाहनतळ, शौचालये व मैला प्रक्रिया केंद्र यांच्या जागा कमीच धरणार; म्हणून तरंगत्या, म्हणजे काही दिवसांपुरत्या येणाऱ्या, लोकसंख्येचा स्वतंत्र अंदाज मागावा. मंगळवेढ्याचा मुद्दा निराळा आहे. तिथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे आणि ती पिकवणारी काळी जमीन एकदा बिगरशेती झाली की परत मिळत नाही, तेव्हा शहराची वाढ हलक्या जमिनीच्या दिशेने न्यावी असे नगरपरिषदेनेच सुचवणे शोभून दिसेल. (वाढ नको म्हणणारी नगरपरिषद विरळा, वाढ कुठे हवी हे सांगणारी त्याहून विरळा.)

सूचनेची भाषा कशी असावी? ‘शहराभोवती चांगला वळण रस्ता व्हावा’ हे वाक्य निरुपयोगी आहे. त्याऐवजी मौजे अमुक येथील गट क्रमांक इतके ते इतके यांतून जाणारा प्रस्तावित वळण रस्ता विद्यमान ओढ्याला दोन ठिकाणी छेदतो, तो उत्तरेकडे इतके मीटर सरकवल्यास एकाच ठिकाणी छेदेल, सोबत नकाशा परिशिष्ट तीन, असे लिहावे. जागा, अडचण, पर्याय आणि पुरावा या चारही गोष्टी एका परिच्छेदात आल्या की अधिकाऱ्याला त्यावर शेरा मारणे सोपे जाते. अशा आठ-दहा सूचना पुरेशा आहेत.

निवेदन सर्वसाधारण सभेच्या ठरावाने जावे. सूचक, अनुमोदक व ठराव क्रमांक त्यावर असावेत. प्रशासक असतील तर त्यांच्या ठरावाने, परंतु त्याआधी नागरिकांची एक बैठक घेऊन तिचे इतिवृत्त जोडल्यास वजन वाढते. ज्या सदस्याची किंवा त्याच्या कुटुंबाची जमीन एखाद्या सूचनेत येते, त्याने त्या विषयापुरते बाजूला राहावे आणि तशी नोंद इतिवृत्तात करावी, नाहीतर पुढे संपूर्ण ठरावावर बोट ठेवले जाते. जमीनमालकांच्या वैयक्तिक हरकती नगरपरिषदेच्या निवेदनात मिसळू नयेत. त्या त्यांनी स्वतंत्रपणे द्याव्यात.

निवेदन योजना तयार करणाऱ्या प्रादेशिक नियोजन मंडळाकडे दाखल करून आवक क्रमांकासह पोच घ्यावी. मंडळ हरकती प्रादेशिक नियोजन समितीकडे सोपवते आणि समिती सुनावणी देते. सुनावणीला पदाधिकाऱ्यांचा ताफा नेण्यापेक्षा नगराध्यक्ष, मुख्याधिकारी व नकाशावर बोट ठेवून बोलू शकणारा अभियंता एवढे तिघे गेले तरी पुष्कळ झाले, आणि त्यांनी सर्वांत महत्त्वाच्या तीन सूचना आधी मांडाव्यात, कारण वेळ कमीच मिळतो. शासनाने योजना मंजूर करून प्रसिद्ध केली की ती अमलात येण्यास किमान साठ दिवसांचा अवधी असतो. त्या काळात मंजूर नकाशाची प्रत आणून आपली प्रत्येक सूचना त्याच्याशी ताडून पाहावी, कोणती स्वीकारली व कोणती नाही याची टिप्पणी सभेपुढे ठेवावी आणि ती संचिका विकास योजनेच्या संचिकेला जोडून ठेवावी.