‘गेलो होतो’ म्हणजे ‘हॅड गॉन’ नव्हे

मराठीत आपण सहज म्हणतो, ‘मी काल पुण्याला गेलो होतो.’ मग इंग्रजीत बोलताना तोंडून निघतं, ‘आय हॅड गॉन टू पुणे यस्टरडे.’ इथे ‘होतो’चा ‘हॅड’ करायची गरजच नसते. साधा भूतकाळ पुरतो: ‘आय वेंट टू पुणे यस्टरडे.’

मग ‘हॅड’ कधी? भूतकाळातल्या दोन गोष्टी सांगताना त्यातली एक आधीच घडून गेली असेल, तर त्या आधीच्या क्रियापदाला. ‘मी स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी सुटली होती.’ गाडी आधी सुटली, मी नंतर पोचलो. म्हणून ‘व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट.’ बोलण्याआधी मनात विचारा, ‘कशाच्या आधी?’ उत्तर सापडलं नाही तर ‘हॅड’ गाळा. बारा काळांचा तक्ता घोकण्यापेक्षा हा एक प्रश्न जास्त कामाला येतो, असं मला मनापासून वाटतं.

तुलना करतानाही मराठी अशीच मध्ये येते. डोक्यात ‘जास्त चांगलं’ असतं, म्हणून ‘मोर बेटर’ होतं. ‘बेटर’मध्ये ‘जास्त’ आलंच. जोर द्यायचा असेल तर ‘मच बेटर’ म्हणा.