शिफ्ट बदलतानाची दहा मिनिटं

भोसरी एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये मी सतरा वर्षं सुपरवायझर आहे. अकरा सीएनसी (संगणकावर चालणारी, धातू कापायची मशीनं), तीन शिफ्ट, तीसेक माणसं. टीमवर्क वाढावं म्हणून मालकांनी एकदा आम्हाला मुळशीकडच्या रिसॉर्टवर नेलं. रस्सीखेच झाली, मिसळ झाली, आणि फर्स्टवाले एका बसमध्ये, सेकंडवाले दुसऱ्या बसमध्ये बसून परत आले. टीम बांधायची तर काम एका हातातून दुसऱ्या हातात जातं तिथून सुरुवात करावी, हे माझं मत तेव्हाच पक्कं झालं.

आमच्याकडे काय झालं ते सांगतो. ४२ मिलिमीटरचा बोअर, म्हणजे भोक. वर २५ मायक्रॉनची सूट, खाली शून्य. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पहाटे थर्ड शिफ्टच्या पोराला बोअर ८ मायक्रॉन लहान मिळाला. त्याने २० मायक्रॉनचा ऑफसेट दिला, म्हणजे पुढचे बोअर तेवढे मोठे निघतील अशी टूलची दुरुस्ती मशीनमध्ये भरली. बरोबरच केलं. पण मोजलेला जॉब, म्हणजे तो नग, टेबलावर तसाच ठेवून तो बस पकडायला पळाला. सकाळच्या ऑपरेटरने आल्या आल्या तोच जॉब मोजला, लहान दिसला, त्यानेही २० दिले. बोअर गेला ३२ मायक्रॉन वर. ८६ नग भंगारात! लहान बोअर पुन्हा मारता येतो, मोठा झालेला कोण भरून देणार? आणि दोघांपैकी कोणीही कामचुकार नव्हता.

त्या दिवशी चूक मी केली. शॉपच्या मधोमध उभा राहून ओरडलो, "कोणी केलं हे?" पुढचा महिनाभर कोणी काही सांगेना. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी हॉस्पिटलमधल्या टीम तपासल्या होत्या, १९९६ मध्ये ते छापून आलं. चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका कमी असतील असा त्यांचा अंदाज होता. नोंदी निघाल्या जास्त. तिथली माणसं चुका लपवत नव्हती. आता मी विचारतो, "काय झालं, पहिल्यापासून सांग." आणि चूक स्वतःहून सांगणाऱ्याला त्या दिवशी सगळ्यांसमोर एक शब्द बोलत नाही. जीभ चावावी लागते, पण जमतं.

हँडओव्हर, म्हणजे शिफ्टचा चार्ज देणं-घेणं, ऑफिसात घेऊ नका, मशीनसमोर घ्या. जाणाऱ्याने तीन गोष्टी सांगायच्या: काय बदललं, काय कुरकुरतंय, शेवटच्या जॉबचं माप किती. येणाऱ्याने तो जॉब त्याच्यासमोरच स्वतः मोजायचा आणि आकडा मोठ्याने बोलायचा. मग वहीत दोघांच्या सह्या. ऑफसेटला हात लावला असेल तर आधीचे जॉब लगेच टेबलावरून हलवायचे. ही दहा मिनिटं मालकांकडून पगारी करून घ्या. फुकटात मागाल तर पंधरा दिवस टिकेल.

इन्सेंटिव्हचं गणितही तपासा. आमच्याकडे ते शिफ्टवार होतं. त्यामुळे झिजलेला इन्सर्ट (टूलचं कापणारं पातं) शेवटच्या तासात कोणी बदलत नसे. त्यात जाणारा वेळ पुढच्याच्या बोकांडी. आम्ही मोजदाद मशीनवार केली, तिन्ही शिफ्टचे चांगले नग एकत्र. भांडणं थांबली नाहीत, पण इन्सर्ट वेळेवर बदलायला लागले.

रस्सीखेचीचं निघालंच आहे तर, रिंगेलमन नावाच्या फ्रेंच शेतकी इंजिनिअरचे दोर ओढण्याचे प्रयोग १९१३ साली छापून आले. आठ जण मिळून ओढत, तेव्हा प्रत्येकाचा जोर एकट्याने ओढतानाच्या निम्म्यावर येई. म्हणून "सगळ्यांनी कूलंट (मशीनमधलं थंडावा देणारं द्रव) बघा" असं कधी म्हणू नका. बारभाईचा कारभार होतो. फळ्यावर एका कामापुढे एकच नाव लिहा, आठवड्याने बदला.

एक अडचण राहते. आमची सुट्टी गुरुवारची. बुधवारची थर्ड शिफ्ट गुरुवारी सकाळी सुटते तेव्हा चार्ज घ्यायला समोर कोणी नसतं. त्यासाठी प्रत्येक मशीनच्या दाराला पुठ्ठा अडकवतो, त्यावर त्याच तीन गोष्टी. शुक्रवारी येणाऱ्याने आधी तो वाचायचा, थंड मशीन थोडं रिकामं फिरवायचं, आणि पहिला जॉब क्यूसीला, म्हणजे तपासणीवाल्यांना, दाखवल्याशिवाय दुसरा लावायचा नाही.