ॲसिडचा कॅन फुटायच्या आधी

मी पूर्वी नाशिकजवळ अंबडला ज्या प्लेटिंग शॉपमध्ये, म्हणजे धातूवर मुलामा चढवायच्या कारखान्यात, होतो, तिथे एकदा सेकंड शिफ्टला ट्रॉलीवरून हायड्रोक्लोरिक ॲसिडचा पस्तीस लिटरचा कॅन घसरला. खाली शहाबादी फरशी, म्हणजे चुनखडीच; ती फसफसायला लागली आणि पांढरा धूर उठला. एक जण पाण्याच्या पाइपकडे धावला, दुसरा भुशाच्या पोत्याकडे. पाण्याने ॲसिड दुप्पट जागेत पसरून गटाराला लागलं. भुशाचं त्या दिवशी निभावलं. नायट्रिक किंवा क्रोमिक असतं तर भुसा पेटू शकला असता.

म्हणून पहिलं काम, भुशाचं पोतं शॉपमधून बाहेर काढा. त्या जागी कोरडी रेती ठेवा, निदान चार-पाच बादल्या, आणि सोडा ॲशची (धुण्याच्या सोड्याची) एक गोणी, ओल लागणार नाही अशी. रेतीने आधी सांडलेल्याभोवती बांध घालायचा, गटाराचं तोंड रबरी मॅटने झाकायचं आणि मगच कडेकडून आत थोडा थोडा सोडा टाकत जायचा, कारण उष्णता निघते आणि फेस येतो. कॉस्टिक (दाहक सोडा) ओतून ॲसिड मारायचा शहाणपणा करू नये. गटाराबद्दल मी इतका आग्रही का, तर आपल्याकडचा ओहोळ नंदिनी नदीला मिळतो आणि नंदिनी गोदावरीला.

हे सगळं सामान ॲसिडच्या खोलीत ठेवू नका. धूर तिथेच असणार, मग आत जाणार कोण? दाराबाहेर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला ठेवा आणि कुलूप लावू नका. किल्ली सुपरवायझरकडे आणि सुपरवायझर चहाला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. सोबत रबरी हातमोजे, गमबूट, ॲप्रन, गॉगल, फेस शिल्ड आणि ॲसिडच्या वाफेसाठीचा कार्ट्रिजवाला मास्क हवा. कापडी किंवा धुळीचा मास्क वाफेला काही करत नाही. कार्ट्रिजवरची मुदत बघा, बहुतेक ठिकाणी ती संपलेली असते. आणि खड्ड्यात किंवा टाकीत माणूस पडला असेल तर हा मास्क लावूनही उतरायचं नाही.

सायनाइडचं प्लेटिंग करत असाल तर तो साठा ॲसिडपासून वेगळ्या खोलीत, आणि दोन्हींचं सांडपाणी वेगळ्या नाल्यांतून. दोघं भेटले की हायड्रोजन सायनाइड वायू तयार होतो. मग साफसफाई नाही, फक्त बाहेर पळायचं. हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) आणि ॲसिडचंही तसंच, तिथे क्लोरीन निघतो.

डोळे धुण्याचा नळ दर आठवड्याला सोडून बघा. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीची उघडी पाइप इतकी तापते की पहिलं पाणी डोळ्याला लावण्यासारखं नसतं. पाइपवर गुंडाळायला काहीतरी घ्या. अंगावर उडालं तर कपडे काढून, लाजायचं नाही, किमान पंधरा मिनिटं साध्या पाण्याखाली. कातडीवर सोडा चोळायचा नाही.

प्रत्येक केमिकलच्या सेफ्टी डेटा शीटमध्ये, म्हणजे त्याच्या सुरक्षेच्या माहितीपत्रकात, 16 भाग असतात. चौथा प्रथमोपचाराचा, सहावा सांडल्यावर काय करायचं त्याचा. हे दोन मराठीत एका पानावर उतरवून भिंतीवर लावा. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या पोराला इंग्रजी फाइल काय उपयोगाची? खाली 112, 101, 108 हे नंबर. ॲम्ब्युलन्ससोबत त्या शीटची प्रत गेलीच पाहिजे, नाहीतर डॉक्टर विचारतात, "कशाने भाजलं?" आणि सोबतचा म्हणतो, "केमिकलने."

सराव दिवसा, साहेब उभे असताना नको. रात्री दोन वाजता, कॅनमध्ये पाणी भरून, न सांगता करा.

शेवटी ती भिजलेली रेती. तिच्यासाठी झाकणाचा प्लास्टिक ड्रम आधीच आणून, नाव लिहून ठेवा, लोखंडी नको. ती घातक कचऱ्याच्या नोंदीत जाते, आणि सकाळी घंटागाडी आली म्हणून कुणी तिच्यात ओतली नाही ना, हे तुम्ही स्वतः बघा.