उडता पक्षी धूसर का येतो? छायाचित्रणातील या चुका टाळा

हिवाळ्यात उजनी धरणाच्या फुगवट्यावर, भिगवणजवळच्या कुंभारगाव किंवा डिकसळच्या काठावरून होडीने निघणाऱ्या छायाचित्रकारांना रोहित, चित्रबलाक, पट्टकदंब आणि नदी सुरय यांची बसलेली चित्रे फारसे कष्ट न घेता मिळतात. अडचण सुरू होते ती पक्षी उडाल्यावर. घरी येऊन संगणकावर पाहिले की उडत्या पक्ष्यांची बहुतेक चित्रे धूसर निघतात आणि सगळा दोष लेन्सच्या माथी मारला जातो. त्यानंतर पुढच्या खेपेला शटर, अ‍ॅपर्चर (लेन्समधले प्रकाश आत सोडणारे छिद्र), फोकसची पद्धत असे सगळे एकदम बदलले जाते. ही पहिली चूक होय, कारण असे केल्यावर चित्र सुधारले तरी ते कशामुळे सुधारले हे कळत नाही.

फसलेले चित्र पुसून टाकण्यापूर्वी ते शंभर टक्के मोठे करून पाहावे. पक्षी मऊ आणि त्याच्या मागचे पाणकणीस मात्र रेखीव असेल, तर फोकस मागे गेला आहे. पक्ष्याच्या कडा उडण्याच्या दिशेने ओढल्यासारख्या दिसत असतील, तर शटर स्पीड (शटर किती कमी वेळ उघडे राहते तो वेग) कमी पडला आहे. पक्षी, काठ आणि पाणी सारेच एका दिशेने, विशेषतः वर-खाली, ओढले गेले असेल, तर कॅमेरा हलला आहे. आणि चित्रात काहीच नेटके नसून कडा वितळल्यासारख्या, लहरल्यासारख्या दिसत असतील, तर कॅमेऱ्याचा काही दोष नाही. ती तापलेल्या हवेची करामत आहे.

शटर स्पीडच्या बाबतीत बहुतेकांचा अंदाज चुकतो, कारण बसलेल्या पक्ष्याला पुरणारा वेग उडत्या पक्ष्यालाही पुरेल असे त्यांना वाटते. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारा पक्षी सेकंदाला १० मीटर अंतर कापतो. म्हणजे १/५०० सेकंदात तो २ सेंटिमीटर पुढे सरकतो आणि १/२५०० सेकंदात ४ मिलिमीटर. आपण त्याच्याबरोबर लेन्स फिरवत असल्यामुळे शरीराची हालचाल बरीचशी भरून निघते, पण पंखांची टोके शरीरापेक्षा कितीतरी वेगाने हलतात. त्यामुळे रोहित किंवा चित्रबलाक यांसारख्या संथ, मोठ्या पंखांच्या पक्ष्यांना १/१२५० ते १/१६०० पुरते. सुरय, खंड्या आणि वेडा राघू यांच्यासाठी १/२५०० ते १/३२०० च्या खाली जाऊ नये. डोळा रेखीव आणि पंखांची टोके किंचित पुसट, असे चित्र फसलेले मानण्याचे कारण नाही. माझ्या मते ते गोठवलेल्या पंखांच्या चित्रापेक्षा अनेकदा अधिक जिवंत वाटते.

एवढा शटर स्पीड मिळवायचा तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, वाढवावा लागतो आणि तेथेच अनेकांचा हात अडखळतो. दाणेदारपणाच्या भीतीने आयएसओ ४०० वर अडवून काळोखे चित्र काढायचे आणि नंतर संगणकावर उजळायचे, हा उलटा उपाय आहे. अशा चित्राच्या सावल्यांत आयएसओ १६०० वर योग्य उजेडात टिपलेल्या चित्राइतका, बहुधा त्याहूनही अधिक, दाणा दिसतो. दाणा सॉफ्टवेअरने कमी करता येतो, हललेला पक्षी मात्र दुरुस्त होत नाही. टेलिकन्व्हर्टर (लेन्सची पोहोच वाढवणारा जोडभाग) लावताना हाच हिशेब करावा, कारण १.४ पटीचा कन्व्हर्टर एक स्टॉप (म्हणजे निम्मा) आणि २ पटीचा दोन स्टॉप प्रकाश खातो.

सर्वांत जास्त चित्रे मात्र उजेडाच्या मापनात बिघडतात. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी मोडमध्ये (अ‍ॅपर्चर आपण ठरवतो, शटर स्पीड कॅमेरा), किंवा मॅन्युअल मोडवर ऑटो आयएसओ ठेवून, बगळा टिपत असताना तो उजळ आकाशातून गर्द झाडीसमोर आला की कॅमेरा झाडी पाहून चित्र उजळतो आणि बगळ्याची पिसे पांढरीफटक होतात. पुन्हा आकाशात गेला की तोच बगळा करडा दिसतो. वास्तविक बगळ्यावर पडणारे ऊन दोन्ही ठिकाणी तेवढेच असते. म्हणून ऊन स्थिर असेल तर आयएसओसह तिन्ही आकडे हाताने पक्के करावेत. जुना, भरवशाचा नियम असा की लख्ख उन्हात एफ/१६ वर (हा अ‍ॅपर्चरचा आकडा, तो जितका मोठा तितके छिद्र लहान) शटर स्पीड आयएसओच्या आकड्याइतका ठेवावा. आयएसओ ४०० वर तो १/४०० येतो. त्यावरून एफ/८ ला १/१६०० मिळतो. शुभ्र पक्ष्यासाठी त्यातून अर्धा-पाऊण स्टॉप कमी करावा, पाणकावळ्यासाठी तेवढाच वाढवावा, आणि हायलाइट अलर्ट (पांढरेफटक झालेले भाग लुकलुकवून दाखवणारी सूचना) चालू ठेवून छातीवरची पिसे लुकलुकतात का ते पाहावे. सूर्योदयानंतरचा पहिला तासभर ऊन कोवळे असते आणि झपाट्याने वाढते. तेव्हा हे आकडे लागू पडत नाहीत, दर काही मिनिटांनी नव्याने तपासावे लागतात. ढग येत-जात असतील तर ऑटो आयएसओच बरा, पण तेव्हा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनच्या (चित्र कॅमेऱ्याच्या मापनापेक्षा उजळ किंवा गडद करण्याच्या) चकतीवर अंगठा असू द्यावा: पक्षी आकाशासमोर असेल तर अधिक एक, पांढरा पक्षी काळ्या पाण्यासमोर असेल तर उणे एकच्या आसपास.

फोकस सतत पाठलाग करणाऱ्या पद्धतीवर हवा, हे बहुतेकांना ठाऊक असते. चूक होते ती सुरुवातीला. लेन्स पूर्ण लांब करून आकाशात पक्षी शोधायचा आणि तो सापडेपर्यंत शटरचे बटण अर्धे दाबून ठेवायचे, यात लेन्स एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुढे-मागे धावत राहते आणि तोवर पक्षी निघून जातो. पक्षी जेथून येणार तेवढ्याच अंतरावरच्या एखाद्या खांबावर आधी फोकस करून ठेवावा, झूम ३०० च्या आसपास ठेवून पक्षी चौकटीत घ्यावा आणि मग लांब करावा. ६०० मिलिमीटर लेन्सने एफ/६.३ वर १० मीटर अंतरावरचा पक्षी टिपताना फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यातही रेखीव पट्टा जेमतेम १० सेंटिमीटर जाडीचा असतो. त्यामुळे फोकस डोळ्याऐवजी जवळच्या पंखावर बसला तरी चेहरा हातचा जातो. डोळा ओळखणारे नवे कॅमेरे हे काम चांगले करतात, तरी पाणकणसाच्या गर्दीत तेही फसतात आणि तेथे फोकसचा लहान चौकोनच उपयोगी पडतो.

वाऱ्याकडे दुर्लक्ष करणे ही चूक सेटिंगमध्ये मोडत नाही, पण तिची किंमत मोठी आहे. पक्षी वाऱ्याला सामोरे होऊन उडतात आणि उतरतातही तसेच. वारा आणि सूर्य दोन्ही आपल्या पाठीशी असतील अशी होडी लावली, तर पक्षी उजेडात, आपल्याकडे तोंड करून येतो. रोहित उडण्यापूर्वी मान पुढे ताणून पाण्यावर काही पावले धावतो, तर कवड्या खंड्या सूर मारण्यापूर्वी हवेत एका जागी फडफडत थांबतो. फोकस पक्का करण्याची वेळ हीच. होडीचे इंजिन चालू असताना कोपर तिच्या काठावर टेकवू नयेत, कारण सगळी थरथर लेन्समध्ये उतरते. दहा-साडेदहानंतर तापलेल्या हवेतून दूरचे पक्षी टिपण्याचा हट्टही सोडावा. तेव्हा जवळ असेल तेवढेच टिपावे.

‘जरा उडवा की’ असे नावाड्याला सांगणे मात्र चुकीपेक्षा गंभीर आहे. हाकललेला थवा आपल्याकडे पाठ करून उडतो, म्हणजे चित्र म्हणूनही हाती काही लागत नाही, आणि चरणाऱ्या पक्ष्यांची शक्ती विनाकारण खर्च होते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत वन्य प्राण्याला हाकलणेही येते, हेही ध्यानात असावे.

आता एक तांत्रिक बाब. काही मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिक शटर वापरल्यास फडफडणारे पंख वाकडे, तिरके उमटतात, कारण सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो. तसे दिसल्यास यांत्रिक शटर वापरावे. बर्स्ट (बटण दाबून धरून सलग चित्रे घेणे) मध्येच अडत असेल तर बफर, म्हणजे कॅमेऱ्यातली तात्पुरती साठवण, भरलेला असतो. वेगवान कार्ड घ्यावे आणि पक्षी दूर असतानाच बटण दाबून धरण्याऐवजी तो चौकटीत पुरेसा मोठा झाल्यावर अर्ध्या-एका सेकंदाच्या तुकड्यांत चित्रे घ्यावीत.