बँकॉकचा पहिला दिवस: झोप झालेली नसताना या चुका टाळा

मुंबईहून मध्यरात्रीच्या सुमारास निघालेलं विमान बँकॉकला उजाडता उजाडता उतरतं. प्रवास चार-सव्वाचार तासांचा आणि तिथलं घड्याळ आपल्यापुढे दीड तास. म्हणजे झोप झालेली असते जेमतेम दोन तास, आणि हॉस्टेलची खोली मिळणार दुपारी दोनला. मधल्या आठ तासांत पाठीवर सॅक असते आणि डोक्यात ‘एवढे पैसे घालून आलोय, दिवस वाया कसा घालवायचा’ हा आपला खास मराठी हिशोब. पुढच्या बहुतेक चुका या हिशोबातूनच होतात.

बुकिंगची तारीख

१० तारखेला रात्री ११:५५ चं विमान असेल, तर तुम्ही ११ ला पोचता. सकाळी सातला गादीवर पडायचं असेल तर खोली १० च्या रात्रीपासून घ्यावी लागते. एका रात्रीचे पैसे जास्त जातात, पण स्वस्त हॉस्टेलमध्ये ते परवडतं. मात्र ‘मी सकाळी येतोय’ हे आधी मेसेज करून कळवा. नाहीतर रात्री आला नाहीत म्हणून बुकिंग रद्द धरलं जाऊ शकतं. तेवढा खर्च नको असेल तर सॅक ठेवायला आणि अंघोळीला जागा मिळेल का, हे विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी मिळते.

थायलंडचं डिजिटल आगमन कार्डही घरूनच भरा. १ मे २०२५ पासून ते सक्तीचं आहे. पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं आणि ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली की समजा, ती सरकारी नाही.

सुवर्णभूमी विमानतळ ते शहर

आगमन कक्षात ‘टॅक्सी, टॅक्सी’ करत जवळ येणाऱ्याच्या मागे जाऊ नका. तळमजल्यावर उतरा आणि यंत्रातून चिठ्ठी घ्या. तिच्यावरच्या क्रमांकाच्या जागी तुमची टॅक्सी उभी असते. मीटरच्या भाड्याशिवाय ५० बाथ (थायलंडचं चलन) विमानतळाचे आणि टोल वेगळा द्यायचा. चिठ्ठी ड्रायव्हरने मागितली तरी स्वतःजवळ ठेवा, तक्रार करायची वेळ आली तर तीच कामाला येते.

एकट्याला विमानतळाची रेल्वे बरी: शहरातल्या फाया थाई स्थानकापर्यंत ४५ बाथ. पण नावाला भुलून खाओ सानला, म्हणजे सॅकवाल्या प्रवाशांच्या प्रसिद्ध रस्त्यावर, हॉस्टेल घेतलं असेल तर तिथे ना स्कायट्रेन जाते ना मेट्रो, हे निघण्याआधीच माहीत असू द्या. तिकडे विमानतळावरून एस-१ बस जाते.

पैसे बदलायचेच असतील तर खाली रेल्वे स्थानकाजवळच्या काउंटरवर बदला, वरच्या मजल्यांपेक्षा तिथे दर चांगला मिळतो. एटीएम प्रत्येक वेळी दोनशेहून जास्त बाथ कापतं, त्यामुळे थोडे थोडे काढू नका. यंत्राने ‘रुपयांत हिशोब करू का’ विचारलं तर नको म्हणा.

‘आज राजवाडा बंद आहे’

ही जुनी फसवणूक आजही चालते, आणि पेंगुळलेला माणूस तिला हमखास बळी पडतो. ग्रँड पॅलेसच्या भिंतीजवळ नीटनेटक्या कपड्यांतला, गोड बोलणारा गृहस्थ भेटतो. आज बौद्ध सण आहे, एक वाजता उघडेल, तोवर हा टुकटुकवाला तुम्हाला चार देवळं दाखवेल, फक्त २० बाथ! मग देवळातून शिंप्याकडे, शिंप्याकडून रत्नांच्या दुकानात. ‘भारतात दुप्पट भावाने विकाल’ असं सांगून भलत्याच किमतीचे खडे गळ्यात मारतात. वीस बाथमध्ये अर्धा दिवस फिरवणाऱ्याची कमाई त्या दुकानाच्या कमिशनवर असते.

राजवाडा एरवी रोज सकाळी साडेआठला उघडतो आणि तिकीटविक्री दुपारी साडेतीनपर्यंत चालते. राजघराण्याच्या समारंभासाठी तो कधी बंद असला, तरी ते तिकीटखिडकीवर कळतं, फुटपाथवर नव्हे. सरळ दारापर्यंत चालत जा. टुकटुकमध्ये बसून चुकलातच, तर दुकानात कार्ड बाहेर काढू नका, रस्त्यावर या आणि दुसरी गाडी पकडा. फारच अडवलं तर पर्यटक पोलिसांचा नंबर ११५५.

माझं मत विचाराल तर पहिल्या दिवशी राजवाडा नकोच. तिकीट ५०० बाथचं, सावली कमी, खांदे-गुडघे झाकलेले हवेत. हे सगळं झोपेत कशाला? त्यापेक्षा संध्याकाळी चाओ फ्राया नदीवरच्या प्रवासी बोटीत बसा.

शाकाहारी असाल तर भाजीच्या ताटातही माशाचा सॉस असू शकतो. पिवळ्या पाटीवर लाल थाई अक्षरांत ‘जे’ (เจ) लिहिलेलं दुकान शोधा. तिथे मांस, मासे, अंडं काहीच नसतं, कांदा-लसूणही नसतो. ते सापडेपर्यंत सॅकमधले ठेपले आहेतच.