इंग्रजी अवतरणात आपला शब्द घालायचा तर चौकोनी कंसातच

इंग्रजी लिहिताना दुसऱ्याचं वाक्य अवतरणचिन्हांत घेतलं, की त्यातला शब्द न् शब्द मूळ लेखकाचा आहे असं वाचक धरून चालतो. मध्येच आपलं काही घालायचं असेल तर ते चौकोनी कंसात जातं. गोल कंस तिथे चालत नाही, कारण गोल कंस मूळ लेखकही वापरतो.

एक वाक्य घेऊन बघू. इंग्रजी उदाहरणं इथे देवनागरीत दिली आहेत. मूळ वाक्य असं:

“दे रीच्ड द ब्रिज ॲट नून (टू अवर्स लेट) अँड फाउंड इट ब्रोकन.”

‘दे’ म्हणजे कोण, हे मूळ लेखात आधीच्या परिच्छेदात आलेलं असतं, पण तो परिच्छेद आपण घेतलेला नाही. म्हणून आपण लिहितो:

“दे [द सर्व्हेयर्स] रीच्ड द ब्रिज ॲट नून (टू अवर्स लेट) अँड फाउंड इट ब्रोकन.”

आता उशिराचा शेरा लेखकाचा आणि ‘द सर्व्हेयर्स’ आपलं, हे वेगळं सांगावं लागत नाही. दोन्हीकडे गोल कंस असते तर तो शेरा आपणच मारला असा समज सहज झाला असता. ‘दे’ काढून थेट “[द सर्व्हेयर्स] रीच्ड” असंही करतात. वाक्य सुटसुटीत होतं खरं, पण मूळ शब्द वाचकाला दिसत नाही. मजकूर वादाचा असेल तर मूळ शब्द राहू द्यावा आणि कंस त्याच्यापुढे घालावा.

कंसाच्या बाहेर दोन्ही बाजूंना एकेक स्पेस, आत एकही नाही. कंसापाठोपाठ स्वल्पविराम किंवा पूर्णविराम आला तर त्याच्याआधी स्पेस सोडायची नाही. शब्दाचा तुकडाच बदलला असेल तर कंस शब्दाला चिकटून येतो. समजा मूळ क्रियापद ‘रीच’ आहे आणि आपल्या वाक्याला भूतकाळ हवा आहे, तर शेवटची ‘ईडी’ ही दोन अक्षरं तेवढी कंसात. वाक्याचं पहिलं अक्षर लहानाचं मोठं किंवा मोठ्याचं लहान केलं तरी तसंच: ते एक अक्षर कंसात, बाकीचा शब्द त्याला जोडून. कायदेविषयक लेखनात हा कंस घालावाच लागतो. शिकागो (पुस्तक-प्रकाशनात वापरली जाणारी) आणि एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची) या लेखनशैलींत मात्र पहिलं अक्षर कंसाशिवाय बदललेलं चालतं.

मूळ मजकुरातच चूक असेल तर तिच्या लगेच पुढे कंसात ‘सिक’ लिहितात: “द रिझल्ट्स वॉज [सिक] क्लिअर.” हा लॅटिन शब्द आहे, अर्थ ‘असंच’. तो पूर्ण शब्द आहे, संक्षेप नाही, म्हणून त्यापुढे टिंब देऊ नये. शिकागो आणि एपीएमध्ये तो इटॅलिकमध्ये येतो, कंस मात्र साधेच. ‘सिक’ जपून वापरावा. “द कमिटी हॅव डिसायडेड” ही चूक नाही, ब्रिटिश इंग्रजीत ते चालतं. तिथे ‘सिक’ घातला तर चूक आपलीच ठरते. शिवाय साध्या टायपिंगच्या चुकीवर बोट ठेवल्याने मूळ लेखकाचा उगाच पाणउतारा होतो. अशा वेळी तो भाग आपल्या शब्दांत सांगणं बरं.

एखादा शब्द ठसवण्यासाठी आपण इटॅलिक केला, तर तसं सांगावं लागतं, आणि इथे बरेच जण गोंधळतात. एपीएमध्ये ‘एम्फसिस ॲडेड’ ही नोंद त्या शब्दाच्या लगेच पुढे, अवतरणाच्या आत, म्हणून चौकोनी कंसात. एमएलएमध्ये, म्हणजे मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या शैलीत, ती अवतरण संपल्यावर, संदर्भाबरोबर गोल कंसात. हा विरोधाभास नाही. अवतरणचिन्हं मिटली की पुढचा मजकूर आपलाच असतो, तिथे गोल कंसाने कोणाची गल्लत होत नाही.

गाळलेल्या मजकुराच्या जागी तीन टिंबं. आधी पूर्ण वाक्य संपलं असेल तर पूर्णविराम धरून चार. अवतरणाच्या सुरुवातीला टिंबं देण्याची सहसा गरज नसते. मूळ लेखकानेच टिंबं वापरली असतील तर आपली टिंबं चौकोनी कंसात घालावीत. मूळ मजकुरात चौकोनी कंसच असतील तर ते मूळचे आहेत अशी नोंद शेवटी द्यावी.

नावांची एक अडचण ध्यानात असू द्या. अमेरिकन संपादक नुसतं ‘ब्रॅकेट्स’ म्हणाला तर त्याला चौकोनी कंस हवे असतात, गोल कंसांना तो ‘परेन्थिसीज’ म्हणतो. ब्रिटिश माणसाच्या तोंडी नुसतं ‘ब्रॅकेट्स’ म्हणजे बहुधा गोल. शंका असेल तर विचारून घ्यावं. अमेरिकन बातम्यांत अवतरणाच्या आतही गोल कंस दिसले तर दचकू नका: चौकोनी कंस वृत्तसंस्थांच्या तारयंत्रणेतून जात नसत, म्हणून असोसिएटेड प्रेसच्या शैलीत गोल कंस रुळले.

कंस बरोबर घातला म्हणून आतलं सगळं चालतं असं नाही. ‘नॉट’ किंवा ‘ओन्ली’ असे शब्द कंसात घालून मूळ लेखकाचं म्हणणं फिरवणं ही फसवणूकच आहे, चिन्हं कितीही अचूक असोत. एका वाक्यात तीन-चार कंस लागायला लागले, तर अवतरण मोडा: “द सर्व्हेयर्स गॉट देअर लेट अँड फाउंड द ब्रिज ‘ब्रोकन’.” बाकी सगळं आपल्या शब्दांत, मूळचा एकच शब्द अवतरणात, कंस एकही नाही.

लिहून झालं की कंसातला मजकूर वगळून अवतरण मूळ पानाशेजारी ठेवा आणि शब्दाला शब्द लावत जा. जिथे फरक सापडेल तिथे कंस किंवा टिंबं असलीच पाहिजेत. नसतील तर तो बदल तुमच्या हातून नकळत झालेला आहे, आणि तो तिथल्या तिथे दुरुस्त करा.